पंप बदलण्याआधी रिलेचा करंट तपासा

वडोदऱ्याच्या रावपुऱ्यात टॉवरजवळच्या गर्दीत गाडी बंद पडली, स्टार्टर फिरतोय पण इंजिन पकडत नाही, तर लगेच नवा फ्युएल पंप विकत घेऊ नका. आधी मल्टिमीटर काढा.

चावी ऑन करून कान द्या. बहुतेक गाड्यांत टाकीतून दोन-तीन सेकंद घूंऽ असा आवाज येतो. आला नाही? चावी बंद करून पंपाचा फ्यूज बघा. तो ठीक असेल तर पंपाचा रिले सॉकेटमधून काढा. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल सॉकेटमध्ये.

🔹 पिन ३०: बॅटरीइतकेच व्होल्ट हवेत, साधारण १२.६. काही गाड्यांत चावी ऑन केल्यावरच मिळतात.

🔹 पिन ८५ आणि ८६: या रिलेच्या कॉइलच्या. चावी ऑन केल्यावर एका पिनला १२ व्होल्ट मिळतात. दुसरीला सहसा ईसीयू अर्थ देतो, तोही दोन-तीन सेकंदच. ती तपासताना लाल वायर बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि काळी त्या पिनला लावा.

🔹 पिन ८७: इथून करंट पंपाकडे जातो.

सगळं बरोबर असेल तर ३० आणि ८७ फ्यूज असलेल्या वायरने क्षणभर जोडा. पंप वाजला तर रिले गेलाय. नाही वाजला तर पुढचं वायरिंग, अर्थ किंवा पंप.

गंजलेली वायरही मीटरवर १२ व्होल्ट दाखवते, भार पडला की मान टाकते. म्हणून ३० वर टेस्ट लॅम्पही लावून बघा. ईसीयूच्या पिनला मात्र तो लावू नका.

पेट्रोलचा वास येत असेल तर काहीच जोडू नका, मेकॅनिकला बोलवा.