नाव बॅटरसीचे, कसब बिल्स्टनचे

आपल्याकडील जुन्या फणेरपेटीचे झाकण उघडले की त्याच्या आतल्या अंगास आरसा दिसे आणि खालच्या कप्प्यांतून फणी, मेण, कुंकवाचा करंडा अशी नित्याच्या शृंगाराची सामग्री मांडलेली असे. अठराव्या शतकातील इंग्रज कुलीन स्त्रियांपाशीही जवळजवळ याच धाटणीची, परंतु मुठीत झाकून जाईल एवढी चिमुकली, तांब्यावर मिना चढविलेली डबी असे. तिच्याही झाकणाआड आरसा असे, आणि पोटात असत त्या गालावर चिकटवावयाच्या रेशमी काळ्या टिकल्या. त्या टिकलीने कोणी देवीचा व्रण झाकी, तर कोणी केवळ गौर वर्णास उठाव आणी. पुरुषांच्या खिशातली डबी तपकिरीची असे. टिकल्यांची चाल केव्हाच मोडली, तपकिरीचा दिमाखही ओसरला. परंतु ज्यांच्यासाठी या डब्या घडल्या ते उपयोग नाहीसे झाल्यावरच त्यांच्या संग्रहाचा छंद खऱ्या अर्थाने फोफावला.

या डबीची जन्मकथा एका अनुकरणाची कथा आहे. फ्रान्समधील सरदार-दरकदार सोन्याच्या आणि रत्नजडित डब्या बाळगीत, राजे लोक परकीय वकिलांस त्या नजराणा म्हणून देत. तो थाट ज्यांच्या ऐपतीबाहेरचा होता अशा इंग्लंडातील सुखवस्तू मध्यमवर्गासाठी तांबे आणि काच या दोन सामान्य द्रव्यांतून ही शोभा निर्माण करण्यात आली. तांब्याचा पातळ पत्रा ठोकून झाकण व बूड यांचे आकार घडवावयाचे. कथिलाच्या भस्माने दुधाळ केलेल्या काचेची वस्त्रगाळ पूड पाण्यात कालवून त्यांवर लिंपावयाची. आणि भट्टीच्या प्रखर आचेत ती वितळवून पत्र्याशी एकजीव करावयाची. तांबे आणि काच निवताना सारख्या प्रमाणात आकसत नाहीत. एकाच अंगास मिना दिला तर तो तडकून झडतो, म्हणून पत्र्याच्या आतल्या बाजूसही मिन्याचा थर द्यावा लागतो. पुढे त्या शुभ्र भूमीवर कुंचल्याने फुले, पक्षी, गोपगोपी चितारावयाचे. अधिक उष्णता सोसणारे रंग आधी आणि नाजूक रंग मागाहून, असा क्रम राखीत डबी पुनःपुन्हा भट्टीत घालावी लागे. यांतील शेवटच्या एका चुकीने आधीचे सारे श्रम मातीमोल होत. सर्व निर्विघ्न पार पडले म्हणजे मुलामा दिलेल्या धातूची कड आणि बिजागरी बसवून झाकण बुडाशी जोडले जाई.

या हस्तव्यवसायात छपाईने मोठी क्रांती घडविली. तांब्याच्या पाटीवर चित्र कोरून त्याचा ठसा पातळ कागदावर घ्यावयाचा आणि तो ओला असतानाच मिन्यावर दाबून उतरवावयाचा, अशी ही युक्ती होती. जॉन ब्रुक्स या आयरिश उत्कीर्णकाने 1751 साली बर्मिंगहॅमहून तिच्या सनदेसाठी अर्ज केला, आणि 1753 साली लंडननजीक थेम्सकाठच्या बॅटरसी गावी यॉर्क हाउस या वास्तूत जो कारखाना उभा राहिला त्यात तो भागीदार झाला. कारखान्याचा प्रमुख धनी स्टीफन थिओडोर जॅन्सन हा पुढल्याच वर्षी लंडनचा लॉर्ड मेयर झाला. राव्हने या फ्रेंच उत्कीर्णकाने कोरलेल्या पाट्यांवरून उमटलेली तेथील चित्रे इतकी तलम असत की होरेस वॉल्पोलसारख्या चोखंदळ रसिकाने 1755 साली आपल्या मित्रास नव्या मालाचा नमुना म्हणून बॅटरसीची एक डबी धाडली. पण वर्ष सरते न सरते तोच, 1756 च्या आरंभी, जॅन्सनचे दिवाळे निघाले आणि मालाची विक्री जाहीर झाली. जेमतेम तीन वर्षांचे ते आयुष्य!

आणि तरीही पुढे दीडशे वर्षे, कोठलीही इंग्रजी मिन्याची डबी दिसली की दलालाने आणि संग्राहकाने तिला बॅटरसीचीच म्हणावे, असा परिपाठ पडला. वस्तुस्थिती अशी की, या डब्यांचा फार मोठा हिस्सा बर्मिंगहॅम आणि दक्षिण स्टॅफर्डशायरातील बिल्स्टन, वेन्सबरी या गावी घडला. कोळसा आणि लोखंड यांच्या त्या काळवंडलेल्या मुलखात, लहान लहान कारखान्यांतून अनाम कारागीर पिढ्यान्‌पिढ्या हे गुलाबी, निळे, हिरवे रंग भाजीत होते. बाथसारख्या स्नानतीर्थी गेलेला यात्री घरी परतताना ‘बाथची क्षुल्लक भेट’ अशा अर्थाची अक्षरे लिहिलेली डबी आणी. प्रेमाची, मैत्रीची सुभाषितेही झाकणावर असत. डबीवर गावाचे नाव असे, पण ते बहुधा विक्रीच्या गावाचे. जेथे ती घडली त्या गावाचा उल्लेख क्वचितच. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा धंदा मावळला, आणि कारागिरांसवे बिल्स्टनची साक्षही गेली.

ती साक्ष पुन्हा उभी करण्याचे काम अखेर संग्राहकांच्या आणि अभ्यासकांच्या वाट्यास आले. लेडी शार्लट श्रायबर ही विदुषी युरोपभर दुकाने धुंडाळीत फिरे. 1884 साली पती वारल्यावर तिने त्याच्या स्मरणार्थ आपला इंग्रजी चिनीमाती, काच आणि मिना यांचा संग्रह साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयास, म्हणजे आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमला, अर्पण केला. अशा संग्रहांत डब्या शेजारी शेजारी मांडल्या गेल्या, म्हणून तर रंगांची, आकारांची, पाट्यांची तुलना शक्य झाली. मात्र अस्सल आणि नक्कल यांचा निवाडा सोपा नव्हे. पॅरिसमधील सॅमसन या 1845 साली स्थापन झालेल्या पेढीने जुन्या मालाच्या इतक्या कुशल प्रतिकृती केल्या की त्या इंग्रजी म्हणून खपल्या. डबीची कड टवकली असेल तर आतून डोकावणारे तांबे निदान एवढे सांगते की ही चिनीमाती नव्हे; पुढचा तपास मात्र डोळ्यांनी आणि बोटांनीच करावा लागतो.

1970 साली लंडनमधील हॅल्सियन डेज या दुकानाच्या सुझन बेंजामिन यांनी ही कला पुनरुज्जीवित केली, तेव्हा डब्या पुन्हा बिल्स्टनमध्ये घडू लागल्या. त्यांच्या बुडावर निर्मात्याचे नाव येऊ लागले, ‘बिल्स्टन अँड बॅटरसी’. तीन वर्षांच्या वैभवाचे नाव गाळण्याचे धाडस व्यापाराला झाले नाही. पण दोनशे वर्षांनी का होईना, पंक्तीतले पहिले पान बिल्स्टनला मिळाले.