हरकतीपुरते बोलणे

धाटावचा रहिवासी ग्रामसभेत उठून सरपंचाला विचारू शकतो, 'गटारासाठी आलेला पैसा गेला कुठे?' मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य असतो, आणि वर्षाला किमान चार ग्रामसभा घेणे ग्रामपंचायतीवर बंधनकारक आहे. धाटावपासून हाकेच्या अंतरावर, कुंडलिकेकाठी रोहा शहरात राहणाऱ्याला मात्र हा हक्क नाही. नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेत त्याने मागे बसून ऐकायचे, बोलायचे नगरसेवकांनी. पेणमध्येही तेच. गणपतीच्या कारखान्यांसाठी नावाजलेल्या हमरापूर-जोह्यात ग्रामसभा आहे, पेण शहरात नाही.

घटनेच्या 74व्या दुरुस्तीने 1993 पासून शहरांना प्रभाग समित्या दिल्या खऱ्या, पण त्या तीन लाख आणि त्यापुढच्या लोकसंख्येच्या शहरांना बंधनकारक. 2011 च्या जनगणनेत पेणची लोकसंख्या सुमारे 38 हजार, रोहा-अष्टमीची 21 हजारांच्या आसपास. म्हणजे गाव म्हणून मोठे आणि शहर म्हणून लहान ठरलेला हा कोकणी माणूस दोन्हीकडून सुटला. त्याला सरकारदरबारी अधिकृतपणे तोंड उघडायची मुख्य संधी मिळते ती घरपट्टीच्या निमित्ताने.

ही संधी चार वर्षांनी येते. 1965 च्या नगरपरिषद अधिनियमानुसार मालमत्तांची चौवार्षिक फेरआकारणी होते, यादी प्रसिद्ध होते, हरकतींसाठी मुदत मिळते आणि मग सुनावणी. घर किती भाड्याने जाईल याचा अंदाज धरून वार्षिक भाडे काढायचे, त्यातून दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा करायचे. उरते ते करयोग्य मूल्य. स्वतःच्या घरात तीन पिढ्या राहणाऱ्याला हे भाडे कोण देणार, हा प्रश्न सुनावणीच्या टेबलासमोर हमखास येत असणार, आणि तो मुळीच चुकीचा नाही. पेणमध्ये तर त्याला आणखी एक पदर आहे. पुढच्या पडवीत गणपती रंगवले जात असतील तर ती जागा निवासी धरायची की व्यावसायिक? वर्षातले काही महिने मूर्ती, उरलेले महिने खाटा.

पण टेबलापलीकडे बसलेला अधिकारी बहुधा नगररचना विभागाचा असतो. त्याच्या हाती मूल्य असते, कराचा दर नसतो. दर सभागृहात ठरतो, जिथे नागरिकाला बोलता येत नाही. आणि जिथे बोलता येते तिथे दराबद्दल बोलून उपयोग नसतो. माझ्या मते करावरून होणाऱ्या बहुतेक चिडचिडीचे मूळ वाढलेल्या रकमेपेक्षा या विभागणीत आहे.

बिलाचा कागद वाचला तर गोंधळ आणखी वाढतो. सामान्य कर, दिवाबत्ती, स्वच्छता, पाणी या नगरपरिषदेच्या रकमा. त्याच कागदावर शिक्षण कर आणि रोजगार हमी उपकर असतात, ते नगरपरिषद गोळा करते आणि राज्य शासनाकडे भरते. शिव्या मात्र कर निरीक्षकालाच. थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती चढते, म्हणजे वर्षाला 24. सावकारी कायद्याची आठवण यावी असा हा आकडा.

नगरपरिषदेची बाजूही ऐकायला हवी. 1999 मध्ये नगरपरिषदांच्या हद्दीतली जकात गेली आणि तिच्या जागी शासनाचे सहायक अनुदान आले. हक्काचे उत्पन्न म्हणून उरली ती मुख्यतः घरपट्टी आणि पाणीपट्टी. रोह्याचे दुखणे तर वेगळेच. औद्योगिक वसाहत धाटावला, म्हणजे शहराच्या हद्दीबाहेर. कामगारांची घरे, बाजार आणि कचरा शहरात. चिंतामणराव देशमुखांसारखा देशाचा अर्थसंकल्प मांडणारा माणूस ज्या गावाचा, त्या गावाच्या अर्थसंकल्पात वाढ करायची तर पुन्हा घरमालकाच्याच दारात जावे लागते.

सभागृहात होते ते सगळेच निष्फळ असते असे नाही. याच रायगड जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, महाड नगरपालिकेने जानेवारी 1924 मध्ये चवदार तळे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव केला. तो कागदावरच राहिला म्हणून मार्च 1927 चा सत्याग्रह झाला; ऑगस्टमध्ये नगरपालिकेने तो ठराव मागेही घेतला. शेवटी निकाल लागला तो 1937 मध्ये, उच्च न्यायालयात. ठराव करणारे आणि फिरवणारे दोघेही सभागृहातच होते. ज्यांना पाणी हवे होते ते बाहेर होते.

नोव्हेंबर 2016 मध्ये पेण आणि रोहा दोन्हीकडे निवडणूक झाली. पाच वर्षांची मुदत संपली, पुढची निवडणूक ओबीसी आरक्षणाच्या वादात अडकली आणि प्रशासक आला. जवळपास चार वर्षे विषय मांडणाराही तोच, मंजूर करणाराही तोच. सूचक नाही, अनुमोदक नाही, विरोधी गटाचा सभात्याग नाही. त्या काळात ऐकायला बसण्याइतकीही सभा उरली नाही. 'आयत्या वेळचे विषय' म्हणून शेवटी घुसडलेल्या ठरावांवर नाक मुरडणाऱ्यांनाही मग तो गोंधळ बरा वाटू लागला असेल.

सरकारने लोकांना थेट विचारल्याचे उदाहरण पेण तालुक्यातच आहे. महामुंबई सेझसाठी जमीन द्यायची का, हे 21 सप्टेंबर 2008 रोजी 22 गावांतल्या शेतकऱ्यांना मतपत्रिकेवर विचारले गेले. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातली ही गावे. प्रकल्पाला तिथे मोठा विरोध होता, आणि तो प्रकल्प तिथे उभा राहिला नाही. शेतजमिनीबद्दल हे करता आले. शहरातल्या घरपट्टीच्या दराबद्दल कोणी कधी अशी मागणीही करत नाही.

डिसेंबर 2025 मध्ये मतदान झाले, सदस्य परत आले, नगराध्यक्षही थेट लोकांतून निवडला गेला. आता पहिली कसोटी अर्थसंकल्पाची नाही, फेरआकारणीची आहे. यादी लागण्याआधी दराचा प्रस्ताव प्रभागाप्रभागांत वाचून दाखवायला नगरसेवकांना कुणाच्या परवानगीची गरज नाही. एखादे समाजमंदिर, चार खुर्च्या आणि बिलाची एक झेरॉक्स पुरे.