ट्रायग्लिसराइड आणि स्वादुपिंडाची सूज : रिपोर्टमधली ती ओळ वाचायलाच हवी

रक्ततपासणीचा रिपोर्ट हातात आला की आपण साखर बघतो, कोलेस्टेरॉल बघतो आणि कागद घडी करून ठेवतो. त्यातली ट्रायग्लिसराइडची ओळ सहसा कोणी वाचत नाही. हा आकडा फार वाढला तर स्वादुपिंडाला जीवघेणी सूज येऊ शकते, तीही ऐन तरुण वयात. म्हणून आम्ही याविषयी लिहीत आहोत.

ट्रायग्लिसराइड ही रक्तातली एक प्रकारची चरबी. दर डेसिलिटर रक्तात ती १५० मिलिग्रॅमपेक्षा कमी असावी. ५०० च्या पुढे स्वादुपिंडाची काळजी सुरू होते आणि १००० ओलांडल्यावर धोका बराच वाढतो. एवढी चरबी असलेले रक्त नळीत काही वेळ ठेवले की वरचा भाग दुधासारखा पांढरट दिसतो.

पोटाच्या मागच्या बाजूला असलेले स्वादुपिंड अन्न पचवणारा रस तयार करते. रक्तात चरबी अतिशय वाढली की तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांतला प्रवाह मंदावतो. रसातले लायपेज चरबी फोडते, त्यातून सुटलेली आम्ले स्वादुपिंडालाच इजा करतात आणि सूज येते. पित्ताशयातले खडे आणि दारू ही या आजाराची दोन मोठी कारणे. त्यानंतर ट्रायग्लिसराइडचा क्रमांक लागतो. दारूने ट्रायग्लिसराइडही वाढते, म्हणजे धोका दुहेरी.

पोटाच्या वरच्या भागात अचानक असह्य दुखणे, कळ पाठीत जाणे, सतत उलट्या, ताप ही लक्षणे. अशा वेळी 'अॅसिडिटी असेल' म्हणून गोळी घेऊन घरी पडून राहू नये. थेट रुग्णालय गाठावे आणि जुना रिपोर्ट सोबत न्यावा.

मधुमेह ताब्यात नसणे, लठ्ठपणा, थायरॉइडची कमतरता, काही औषधे आणि आनुवंशिकता यांमुळेही हा आकडा चढतो. आकडा ५०० च्या वर असेल तर दारू पूर्ण बंद, गोड पेये बंद, तेल-तूप अगदी कमी आणि डॉक्टरांनी दिलेले औषध नियमित. बरे वाटले म्हणून गोळ्या मनाने थांबवू नयेत.

वस्तीत आरोग्य शिबिर घेणाऱ्या कार्यकर्त्यांना आमची विनंती आहे. रक्तदाब आणि साखरेसोबत लिपिड प्रोफाइलचीही सोय करा. रिपोर्ट नुसता वाटू नका, वाचून समजावून सांगा. ५०० च्या वरचा माणूस त्याच आठवड्यात डॉक्टरांपुढे उभा राहिला पाहिजे.