देवघेवीचा खेळ

हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठाजवळच्या विद्यानगरात काय किंवा अन्य कोठे काय, पोस्टाची तिकिटे जमविणाऱ्या मुलाला एक गोष्ट ठाऊक असते : जवळचे दुबार तिकीट दिल्यावाचून हवे ते हाती येत नाही. याच तत्त्वावर उभारलेला ‘पोकेमॉन’ हा खेळ २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानात निन्टेंडो कंपनीच्या ‘गेम बॉय’ या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी निघाला. त्याचे जनक सातोशी ताजिरी हे बालपणी टोकियोजवळील माचिदा येथे किडे पकडीत. तो छंद त्यांनी खेळात उतरविला.

खेळाच्या तांबडी व हिरवी अशा दोन आवृत्त्या होत्या. प्रत्येकीतून काही प्राणी मुद्दाम वगळलेले. दीडशे प्राण्यांचा संग्रह पुरा करावयाचा, तर दोन यंत्रे तारेने जोडून अदलाबदल करणे भागच होते.

खेळाडूंचा मतभेद येथेच आहे. कित्येकांना ही सक्ती जाचक वाटते. सोबती नसलेल्याने काय करावे? अतींद्रिय शक्तीच्या प्राण्यांवर भुतांचा मारा मुळीच चालत नाही, अशा चुकाही ते दाखवितात. इतरांच्या मते, त्या अपुरेपणानेच मुले एकमेकांच्या दारी गेली.

एक काळजी मात्र दोन्ही पक्षांना सारखीच आहे. संग्रहाची नोंद राखणारी आतील बॅटरी वर्षांनुवर्षांनी संपते आणि सारे पुसले जाते. ती बदलण्यापूर्वी नोंद अन्यत्र उतरवून घेतली, तरच बालपणीची कमाई वाचते.