उमराहला निघताना : विमान तासाभराचे, प्रवास किती तासांचा?

कराडला धावपट्टी आहे, पण नियमित प्रवासी विमान नाही. त्यामुळे सांगली-मिरजकरांना जवळ पडते ते कोल्हापूरचे उजळाईवाडी विमानतळ, अंदाजे 50 किलोमीटर. तिथून मुंबई हवाई मार्गाने सुमारे 310 किलोमीटर, म्हणजे साधारण तासाभराचे उड्डाण. तिकिटावरची वेळ मात्र विमान जागेवरून हलल्यापासून मुंबईत थांबेपर्यंतची असते. घर ते विमानतळ, तपासणी, सामान मिळणे हे सगळे वेगळे.

जिद्दाचे तिकीट स्वतंत्र काढले असेल तर जास्त जपा. पहिले विमान उशिरा आले आणि दुसरे चुकले, तर पैसे बहुधा आपलेच जातात. म्हणून शक्यतो दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्या. नाहीतर अम्मी-अब्बांना घेऊन आदल्या दिवशीच मुंबई गाठा.