मोहाचा सडवा आणि जंगलाचे ताट

पानगळ होऊन गेल्यावर, मार्च-एप्रिलच्या सुमारास मोह फुलतो. फुले रात्री उमलतात आणि पहाटे रसाळ पाकळ्या आपोआप खाली पडतात. गडचिरोली आणि चंद्रपूरच्या जंगलात बायामाणसे उजाडण्यापूर्वीच टोपल्या घेऊन निघतात, कारण अस्वलालाही ही फुले तितकीच आवडतात. वेचणी सोपी जावी म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळण्याची रीत मात्र वाईट. उन्हाळी वणव्यांचे ते एक मोठे कारण आहे.

वाळवलेले मोहफूल वर्षभर टिकते. त्यात साखर भरपूर असल्याने ते भाजून, शिजवून किंवा कुटून खाल्ले जाते, आणि टंचाईच्या दिवसांत त्याने पिढ्यान्‌पिढ्या पोटे भरली आहेत. बियांचे तेल निघते ते वेगळेच. मोह आधी अन्न आहे, दारू नंतर.

दारूसाठी फुले पाण्यात काही दिवस भिजत ठेवतात. हवेतल्या आणि फुलांवरच्या किण्वामुळे साखरेचा मद्यार्क होतो; हे आंबलेले मिश्रण म्हणजे सडवा. तो मडक्यात उकळून वाफ नळीने थंड भांड्यात उतरवली की दारू मिळते. सुरुवातीला उतरते ती पहिल्या धारेची, सर्वांत कडक. माडिया-गोंड समाजात जन्म, लग्न, मृत्यू या प्रसंगी ती पूर्वजांना आणि देवांना वाहिली जाते. 

आता या दारूसोबतच्या ताटाबद्दल, आणि त्यासाठी एक तुलना. फ्रान्समध्ये मद्य आणि जेवण यांची सांगड प्रदेशाने घातली आहे. रोन नदीकाठच्या शातोनफ-द्यु-पाप या लाल वाइनमध्ये 13 जातींची द्राक्षे वापरण्याची मुभा आहे, मुख्य ग्रेनाश. सोबत तिथलेच मेंढीचे किंवा शिकारीचे मांस. मांसाच्या चरबीने वाइनचा तुरटपणा मवाळ होतो. मोहाच्या धारेत तुरटपणा नाही, जळजळ आहे. म्हणून तिच्यासोबत आंबट, तिखट, खारट हवे. लाल मुंग्यांच्या चटणीतला फॉर्मिक आम्लाचा आंबटपणा, भाजलेली सुकी मासळी, पावसाळ्यात वास्त्यांची म्हणजे बांबूच्या कोंबांची भाजी, आणि पोटाला आधार म्हणून भात किंवा कोसरी हे भरडधान्य.

मिश्रणाबाबत मात्र या दोन मद्यांची गोष्ट उलटी आहे. तिकडे मिश्रण हे नियमांनी बांधलेले कौशल्य. 1936 पासून शातोनफ-द्यु-पाप या नावाला कायद्याचे संरक्षण आहे. इकडे हातभट्टीत काळा गूळ आणि नवसागर मिसळतात, ती निव्वळ भेसळ. विक्रीसाठीच्या या दारूत मोह नावापुरता असतो, आणि घरे तिनेच उद्ध्वस्त केली.

त्याविरुद्ध बायका उठल्या. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या आरोग्यसंस्थेचा सहभाग असलेल्या चळवळीनंतर 1993 मध्ये गडचिरोलीत दारूबंदी आली. चंद्रपुरात ती 1 एप्रिल 2015 पासून लागू झाली आणि 2021 मध्ये उठली. त्याच वर्षी राज्य सरकारने मोहफुले गोळा करण्यावरचे, साठवण्यावरचे आणि वाहतुकीवरचे निर्बंधही हटवले.

नशेच्या पदार्थांवर बंदी घालण्याचा वा त्यांचे नियमन करण्याचा अधिकार 1996 च्या पेसा म्हणजे पंचायत विस्तार कायद्याने आदिवासीबहुल अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेलाही दिला आहे. पूजेची धार आणि विक्रीची भट्टी यांतला फरक जिल्हा कचेरीपेक्षा ग्रामसभेलाच अधिक नेमका करता येतो.