दवाखान्यातील संगणक : प्रणाली विक्रेत्याची, नोंदी आपल्या



दवाखान्यात किंवा औषधालयात संगणक घ्यावा की न घ्यावा, हा प्रश्न आता उरलेला नाही. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला आणि ज्या औषधविक्रेत्यांनी तोवर संगणक टाळला होता, त्यांच्याही गल्ल्याशेजारी तो येऊन बसला. उरलेला प्रश्न निराळा आहे. रोज आपण जे त्यात भरतो, ते उद्या दुसऱ्या संगणकावर, दुसऱ्या प्रणालीत नेता येईल काय? विक्रेता माहिती आत कशी भरायची ते मोठ्या उत्साहाने दाखवतो. ती बाहेर कशी काढायची ते तो दाखवत नाही, आणि आपणही विचारीत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही मुख्यत्वे याच एका गोष्टीविषयी लिहिणार आहोत. अनुषंगाने शेळगावसारख्या ठिकाणी उपयोगी पडणाऱ्या काही व्यवहारी सूचनाही येतील.

हा प्रश्न केवळ हिशेबाचा नाही. आमच्या परिसरातील एका ज्येष्ठ वैद्यांनी कित्येक वर्षे रुग्णपत्रके संगणकावर मराठीत लिहिली. प्रकृती, निदान, योजना, उपशय-अनुपशय असे सारे व्यवस्थित. संगणक बंद पडल्यावर त्यांच्या चिरंजीवांनी त्या फायली नव्या यंत्रावर उघडल्या, तेव्हा पडद्यावर रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचा नुसता गोंधळ दिसला. त्याच सुमारास एक जुना संधिवाताचा रुग्ण आला. भल्लातकाची योजना मनात होती. रुग्णच म्हणाला, "मागं त्या काळ्या औषधानं अंग उठलं होतं, डॉक्टर." नोंद होती, वडिलांनी ती केलीही होती, पण ती वाचता येत नव्हती. रुग्णाला आठवले म्हणून निभावले.

असे का होते, हे समजून घेण्यासारखे आहे. १९९० च्या दशकात आणि त्यानंतरही बराच काळ मराठी टंकलेखन विशिष्ट फाँटांवर चाले. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची 'श्री-लिपी' आणि सी-डॅकची 'आयएसएम' या प्रणालींनी त्या काळी मराठीची मोठी सेवा केली. मात्र त्या काळच्या बहुतेक फाँटांची रीत अशी होती, की फायलीत साठविले जाई ते रोमन अक्षराचे सांकेतिक मूल्य, आणि त्या जागी मराठी आकृती दाखविण्याचे काम फाँट करी. फाँट गेला की मराठी गेली. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, त्यामुळे ते कोणत्याही यंत्रावर 'क' हे 'क'च राहते. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून त्यात देवनागरी आहे, पण आपल्या टेबलापर्यंत ती पोहोचायला बराच काळ लागला.

आपली प्रणाली युनिकोडात लिहिते की नाही, हे पाहण्याची युक्ती सोपी आहे. पडद्यावरील एखाद्या रुग्णाचे नाव किंवा औषधाचे नाव उचलावे आणि भ्रमणध्वनीवरील संदेशात चिकटवावे. मराठी उमटले तर ठीक. अगम्य काही उमटले तर प्रणाली कितीही देखणी असो, ती घेऊ नये. जुन्या फायली असतील तर रूपांतर करून देणारी साधने उपलब्ध आहेत. मूळ फायलीला हात न लावता तिच्या प्रतीवर रूपांतर करावे, आणि रफार, जोडाक्षरे, विशेषतः मात्रेचे आकडे डोळ्यांनी ताडून पाहावेत. १२५ मिलिग्रॅमचे भलतेच काही होणे आपल्याला परवडणारे नाही.

आता 'बाहेर काढणे' म्हणजे नेमके काय? रुग्णांची यादी, औषधांचा साठा, खरेदी, विक्री आणि येणे-देणे या पाचही गोष्टी एक्सेलमध्ये किंवा तत्सम साध्या तक्त्यात उघडतील अशा स्वरूपात मिळाल्या पाहिजेत. पीडीएफ मिळते असे सांगितले जाते. पीडीएफ वाचायला चांगली, पण ती दुसऱ्या प्रणालीत भरता येत नाही. आणखी एक बारकावा असा की, तक्ता 'सीएसव्ही' स्वरूपात साठविताना एक्सेल एकाहून अधिक पर्याय देते. त्यातील साधा पर्याय निवडला तर मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे येतात. 'सीएसव्ही यूटीएफ-८' हा निवडावा. आमच्या मते खरेदीपूर्वी विक्रेत्यासमोर बसून दहा खोट्या रुग्णांची माहिती भरावी, ती बाहेर काढावी आणि दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावी. ज्याला याचा कंटाळा येतो, त्याच्याकडून घेऊ नये.

वार्षिक वर्गणीच्या प्रणालींबाबत तर हे अधिकच लागू पडते. वर्गणी भरणे थांबविल्यावर जुन्या नोंदी निदान पाहता तरी येतील का, हे लेखी घ्यावे. वस्तू व सेवा कराच्या कायद्यानुसार नोंदणीकृत व्यावसायिकाला हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. प्रणाली तिसऱ्या वर्षी सोडली तरी जबाबदारी सुटत नाही.

या संदर्भात वारणानगरचे उदाहरण आम्हाला फार बोलके वाटते. १९९८ मध्ये तेथील सहकारी साखर कारखान्याच्या परिसरातील सत्तर गावांत 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. गावोगावी संगणक केंद्रे निघाली, शेतीसल्ल्यापासून बाजारभावापर्यंत अनेक गोष्टींचा संकल्प होता. प्रत्यक्षात शेतकऱ्यांनी वापरले ते उसाचे वजन, तोडणीची परवानगी, खत असे मोजके काही. पुढे काही गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाइलवरील लघुसंदेशाने तीच माहिती देण्याचा प्रयोग झाला आणि काम भागले. यंत्र बदलले तरी सभासदाची नोंद कारखान्याच्या स्वतःच्या संग्रहात होती, म्हणून हे शक्य झाले. आपल्यासाठी यातून घेण्याजोगे दोन्ही आहे. चाळीस सोयी असलेली महागडी प्रणाली घेऊन आपण चारच वापरणार, हे एक. आणि त्या चारांमागची नोंद आपल्या ताब्यात हवी, हे दुसरे.

आपल्या औषधांचे वेगळेपण

बाजारातील बहुतेक प्रणाली आधुनिक औषधांच्या दुकानांसाठी बनविलेल्या असतात. त्यांना पट्टी आणि गोळी कळते, पुडी कळत नाही. आपण अश्वगंधा किलोने घेतो, चाळताना थोडी घट येते, मग पन्नास ग्रॅमच्या पुड्या होतात किंवा तीन-चार चूर्णांच्या मिश्रणात ती जाते. एककांचे रूपांतर, घट आणि मिश्रण या तिन्ही गोष्टी प्रणालीला जमत नसतील तर महिनाअखेरीस पडद्यावरचा साठा आणि डब्यातला साठा कधीही जुळणार नाही, आणि मग नोकर साठा 'जुळवून' टाकू लागतो. तिथून पुढे संगणकातील आकडा निरुपयोगी ठरतो.

मुदतीचा प्रश्न असाच आहे. चूर्ण दोन महिन्यांत हीनवीर्य होते, गुटी व अवलेह वर्षभराने. आसव, भस्मे आणि रसकल्प मात्र जुने होतील तसे गुणवान, हा शार्ङ्गधरांचा विचार आपणांस परिचितच आहे. तयार औषधांवर औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीतील नियम १६१-ब नुसार मुदत छापलेली असते, ती तशीच भरावी. अडचण येते ती सुटी द्रव्ये आणि स्वतःच्या रुग्णांसाठी आपण केलेले कल्प यांच्यात. स्वतःच्या रुग्णांसाठी औषध करणाऱ्या वैद्याला कायद्याने उत्पादन परवान्याची सक्ती केलेली नाही. नेमके म्हणूनच त्याची नोंद कोणी मागत नाही, आणि ती राहून जाते. बॅच क्रमांकाच्या रकान्यात खरेदीची वा निर्मितीची तारीख आणि व्यापाऱ्याची खूण टाकावी. उदाहरणार्थ, निमगाव केतकीच्या रुग्णाने एखाद्या चूर्णाने मळमळते अशी तक्रार केली, तर त्याच पोत्यातील चूर्ण आणखी कोणाकोणाकडे गेले हे पाच मिनिटांत कळले पाहिजे. बचनाग, कुचला, भल्लातक यांसारख्या अनुसूची ई-१ मधील द्रव्यांच्या कल्पांना प्रणालीत ठळक खूण असावी. देयक करणारा मुलगा वैद्य नसतो.

कराच्या दराविषयी थोडेसे. आयुर्वेदिक औषधांवरील कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला. ज्यांनी स्वतः तक्ता करून त्यात दर एकाच चौकटीत ठेवला होता, त्यांनी तो आकडा बदलताच जुनी सारी देयकेही नव्या दराने बदलतात. दर हा नेहमी 'या तारखेपासून' असा साठविला गेला पाहिजे. चांगल्या प्रणालीत तशी सोय असते. रुग्णतपासणीचे शुल्क आणि औषधविक्री ही दोन खाती आरंभापासून निराळी ठेवावीत. बाकी करसल्लागाराचे काम त्यालाच करू द्यावे.

एकाच नावाचे चार रुग्ण

विक्रेते सांगतात, मोबाइल क्रमांक हीच रुग्णाची ओळख. शहरात चालत असेल. आपल्याकडे गळीत हंगाम सुरू झाला की बीड, अहिल्यानगरकडून ऊसतोडणी कामगारांच्या टोळ्या येतात आणि पंधरा कोयत्यांचा क्रमांक एकच असतो, मुकादमाचा. पालखीच्या दिवसांत बेलवाडी, अंथुर्णे, निमगाव केतकी या वाटेने जाणारा वारकरी पायांच्या भेगा दाखवून पुढे जातो, त्याला क्रमांक विचारण्याचे प्रयोजनही नसते. म्हणून ओळख आपली असावी: दवाखान्याचा स्वतःचा अनुक्रमांक, जोडीला संपूर्ण नाव, गाव आणि जन्मवर्ष. तो क्रमांक रुग्णाच्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहावा. टोळी पुढच्या हंगामात परतते तेव्हा तो कागद बहुधा पिशवीत असतोच. ज्यांच्याकडे चौदा अंकी 'आभा' क्रमांक आहे त्यांचा तो सोबत नोंदवावा, पण त्यावर विसंबू नये.

व्याधीच्या नावांचे तसेच. आमवात, आम-वात, सामवात असे तीन प्रकारे लिहिले तर संगणकाच्या लेखी ते तीन व्याधी होतात. आयुष मंत्रालयाच्या 'नमस्ते' या संकेतस्थळावर २०१७ पासून आयुर्वेदीय व्याधींची प्रमाणित नावे व संकेतांक उपलब्ध आहेत, आणि १० जानेवारी २०२४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ वर्गीकरणातील पारंपरिक वैद्यकाचा दुसरा विभाग नवी दिल्लीत प्रसृत झाला. आपल्या दवाखान्यात नित्य येणाऱ्या तीस-चाळीस व्याधींची यादी त्यावरून एकदा करावी आणि निवडीच्या स्वरूपात ठेवावी. सारा कोश भरण्याची गरज नाही.

वीज, प्रती आणि गुप्तता

विजेच्या लपंडावावर इन्व्हर्टर पुरत नाही. वीज गेल्यावर इन्व्हर्टर सुरू होण्याच्या क्षणार्धात टेबलावरचा संगणक बंद पडू शकतो आणि उघडी असलेली फाईल बिघडते. मध्ये छोटा यूपीएस हवा, किंवा सरळ लॅपटॉप घ्यावा. अर्थिंगची तपासणी तंत्रज्ञाकडून करून घ्यावी. थर्मल कागदावरील देयके काही महिन्यांत पुसट होतात; खरेदीची अशी देयके आल्या दिवशीच छायाचित्र काढून जपावीत.

विंडोज १० ला कंपनीचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तसे यंत्र टाकून देण्याची घाई नको, पण त्यावर बँकेचे व्यवहार आणि ई-मेल करू नयेत. मे २०१७ मधील 'वॉन्नाक्राय'ने जगभरची रुग्णालये अडवली होती, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये लांबविले गेले. आपल्यासारख्या लहानांना कोण विचारतो, असे म्हणू नये. हे कार्यक्रम लहान-मोठे पाहत नाहीत. चोरून आणलेली प्रणाली फुकट बसवून देणाऱ्याला दाराबाहेरच ठेवावे. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे, कारण पहिल्या काही तासांत रक्कम गोठविता येण्याचा संभव अधिक असतो.

नोंदींच्या तीन प्रती असाव्यात: एक यंत्रात, एक बाह्य डिस्कवर, एक दवाखान्याबाहेर. बाह्य डिस्क काम झाल्यावर काढून ठेवावी. ती कायम जोडलेली राहिली तर यंत्राबरोबर तीही कुलूपबंद होते. आठवडेबाजाराची संध्याकाळ हा दिवस आम्ही यासाठी ठरविला आहे. गर्दी ओसरल्यावर दहा मिनिटे लागतात.

गुप्ततेबाबत एवढेच, की आपल्या गावांत पडदा बाकावर बसलेल्यांकडे तोंड करून ठेवू नये. प्रदर, वंध्यत्व, वाजीकरण यांसाठी येणारा रुग्ण अंतरावरच्या गावाहून मुद्दाम आपल्याकडे आलेला असतो. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, पण त्याच्याही आधी हा आपला वैद्यधर्म आहे. प्रत्येक नोकराला स्वतःचा सांकेतिक शब्द द्यावा आणि तो नोकरी सोडेल त्या दिवशी बंद करावा. रुग्णपत्रकाची छायाचित्रे नोकराच्या मोबाइलवर कदापि नसावीत.

शेवटची सूचना प्रतींच्याच संदर्भात आहे. प्रत घेतली जाते, पण ती उघडते की नाही हे कोणी पाहत नाही. वर्षातून दोनदा ती दुसऱ्या यंत्रावर उघडून, पाच रुग्ण आणि पाच औषधे मूळ नोंदीशी ताडावीत. मार्चअखेरीस हिशेबाची गडबड असते, दिवाळीत खरेदीची. आषाढी आटोपल्यानंतरचा आठवडा आणि संक्रांतीनंतरचा आठवडा आम्हाला यासाठी सोयीचे वाटतात.